रेन्सिस लिकर्ट

रेन्सिस लिकर्ट (५ ऑगस्ट, इ.स. १९०३ - ३ सप्टेंबर, इ.स. १९८१) हे अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ, सर्वेक्षणतज्ज्ञ आणि व्यवस्थापनशास्त्रावरील लेखक होते. एखाद्या विषयाबद्दलची व्यक्तीची अभिवृत्ती मोजण्यासाठी त्यांनी इ.स. १९३२ मध्ये मांडलेली पद्धत लिकर्ट श्रेणी या नावाने ओळखली जाते. विधानापुढे पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत असे पाच पर्याय देऊन त्यांपैकी एकावर खूण करण्यास सांगणारी प्रश्नावली हे या पद्धतीचे सर्वपरिचित रूप होय. समाजशास्त्रीय पाहण्या, विद्यार्थ्यांकडून होणारे अध्यापकांचे मूल्यमापन, ग्राहक-समाधानाचे अर्ज आणि संगणकप्रणालींच्या वापरकर्ता-अनुभवाचे संशोधन अशा अनेक क्षेत्रांत ती रूढ आहे. मराठी माध्यमातील शिक्षणशास्त्र व मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमांत तिला पंचबिंदू श्रेणी असेही म्हटले जाते. आडनावाचा उच्चार अनेक ठिकाणी लायकर्ट असा केला जातो. स्वतः लिकर्ट यांचा उच्चार लिकर्ट असा होता.

लिकर्ट यांचे नाव पाच चौकटींशी जोडले गेले असले, तरी कारकिर्दीचा मोठा भाग त्यांनी वेगळ्याच पद्धतीच्या पुरस्कारात घालवला. उत्तरदात्याला तयार पर्याय न देता त्याच्या स्वतःच्या शब्दांत बोलू द्यावे, आणि कोणाला विचारायचे हे मुलाखतकाराच्या सोयीवर न सोडता संभाव्यतेच्या नियमाने ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. मिशिगन विद्यापीठातील सामाजिक संशोधन संस्थेचे ते संस्थापक संचालक होते.

प्रारंभिक जीवन

लिकर्ट यांचा जन्म वायोमिंग राज्यातील शायॅन येथे झाला. वडील जॉर्ज हर्बर्ट लिकर्ट युनियन पॅसिफिक रेल्वेत अभियंता होते. मुलानेही तोच मार्ग धरला आणि मिशिगन विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. विद्यार्थिदशेत अनुभवासाठी ते युनियन पॅसिफिकमध्ये काम करत असताना इ.स. १९२२ चा रेल्वे संप झाला. वेतनकपातीच्या विरोधात देशभरातील रेल्वे कर्मशाळांतील सुमारे चार लाख कामगारांनी काम थांबवले होते. व्यवस्थापन आणि कामगार या दोन्ही पक्षांना एकमेकांच्या म्हणण्याची नीट कल्पना नाही, हे तरुण लिकर्ट यांनी जवळून पाहिले. संघटनांमधील माणसे आणि त्यांच्यातील संवाद हा विषय पुढे त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. त्याचे मूळ या संपात असल्याचे त्यांचे चरित्रकार मानतात.

अभियांत्रिकीची तीन वर्षे झाल्यावर समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट एंजेल यांच्या अध्यापनाचा प्रभाव पडून त्यांनी विषय बदलला व इ.स. १९२६ मध्ये समाजशास्त्रातील पदवी घेतली. त्यानंतर एक वर्ष न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राकडे वळले. मिशिगनमध्ये परिचय झालेल्या जेन गिब्सन यांच्याशी इ.स. १९२८ मध्ये त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला दोन मुली झाल्या. उत्तरायुष्यातील लेखनात जेन या त्यांच्या सहलेखिका होत्या.

अभिवृत्तीचे मापन

कोलंबियात लिकर्ट यांचे मार्गदर्शक गार्डनर मर्फी होते. मर्फी यांनी इ.स. १९२९ च्या शरद ऋतूत विद्यार्थ्यांच्या अभिवृत्तींचा एक विस्तृत अभ्यास आखला. आंतरराष्ट्रीय संबंध, वांशिक संबंध, आर्थिक संघर्ष, राजकीय संघर्ष आणि धर्म या पाच विषयांवरील विधानांची प्रश्नावली तयार करून ती अमेरिकेतील नऊ विद्यापीठांत व महाविद्यालयांत देण्यात आली. हाती आलेल्या उत्तरांचे अंकांत रूपांतर कसे करावे, हा प्रश्न लिकर्ट यांच्यापुढे होता.

त्या काळी या क्षेत्रात शिकागोचे लुई थर्स्टन यांची पद्धत प्रमाण मानली जात असे. त्या पद्धतीत प्रथम बरीच विधाने गोळा करावी लागत. नंतर परीक्षकांच्या मोठ्या गटाने प्रत्येक विधान अनुकूलतेच्या क्रमाने मांडलेल्या ११ गठ्ठ्यांपैकी एकात टाकायचे आणि त्या निवाड्यांवरून विधानाचे मूल्य ठरवायचे, अशी योजना होती. चर्चविषयक अभिवृत्तीच्या श्रेणीसाठी थर्स्टन व त्यांचे सहकारी चेव्ह यांनी १३० विधाने आणि सुमारे ३०० परीक्षक वापरले होते. मूळ उत्तरदाते अजून दूरच असत. शिवाय परीक्षकांची स्वतःची मते त्यांच्या निवाड्यात उतरत नाहीत हे गृहीत धरावे लागे.

लिकर्ट यांनी परीक्षकांचा टप्पाच वगळला. प्रत्येक विधानासाठी पाच पर्याय ठेवून त्यांना १ ते ५ गुण द्यावेत आणि सर्व विधानांच्या गुणांची बेरीज ही त्या व्यक्तीची अभिवृत्ती समजावी, अशी त्यांची योजना होती. आरंभी त्यांनी उत्तरांच्या वितरणावरून गुण काढण्याची अधिक किचकट रीतही वापरून पाहिली. दोन्ही रीतींनी आलेल्या क्रमवारीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही असे आढळल्यावर त्यांनी सोपी रीत स्वीकारली. थर्स्टन पद्धतीच्या तुलनेत कमी विधानांत तितकीच किंवा अधिक विश्वसनीयता मिळते, असेही त्यांनी दाखवले. हे काम इ.स. १९३२ मध्ये 'अ टेक्निक फॉर द मेझरमेंट ऑफ ॲटिट्यूड्स' या शीर्षकाने आर्काइव्ह्ज ऑफ सायकॉलॉजी या मालिकेत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली.

अवघ्या ५५ पृष्ठांच्या या पुस्तिकेतील गुणांकनाची रीत जगभर गेली. तिच्यासोबत दिलेल्या अटी मात्र तितक्या पसरल्या नाहीत. विधान वस्तुस्थितीबद्दलचे नसावे, काय असावे किंवा काय व्हावे याबद्दलचे असावे, ही त्यातील पहिली अट होती. दोन भिन्न मतांची माणसे एखाद्या वस्तुस्थितीबद्दल सहमत असू शकतात आणि मग त्या विधानावरून त्यांच्यातील भेद कळत नाही, हे तिचे कारण. भाषा शक्य तितकी साधी असावी, दुहेरी नकार टाळावेत आणि एका विधानात दोन मुद्दे गुंफू नयेत, अशाही सूचना होत्या. सवयीने एकाच बाजूला खुणा करत जाणाऱ्यांसाठी काही विधाने उलट दिशेने मांडण्याचा सल्ला होता.

सर्वांत महत्त्वाची अट विधानांच्या छाननीची होती. प्रश्नावली आधी एका गटाला द्यायची, आणि एकूण गुणांशी ज्या विधानाचा मेळ बसत नाही ते काढून टाकायचे. एकूण गुण सर्वाधिक असलेले व सर्वांत कमी असलेले असे दोन गट घेऊन एखाद्या विधानावर त्या दोघांची उत्तरे सारखीच येत असतील, तर ते विधान निरुपयोगी ठरते. मग ते कितीही चांगले वाटो. या छाननीतून उरलेल्या विधानांचा संच म्हणजे श्रेणी. पाच पर्यायांचे एकटे विधान लिकर्ट यांच्या अर्थाने श्रेणी नव्हे. आज अशा प्रत्येक सुट्या प्रश्नालाही लिकर्ट श्रेणी म्हणण्याचा प्रघात आहे, तो मूळ मांडणीशी विसंगत आहे.

मर्फी यांच्यासह त्यांनी याच अभ्यासावर लिहिलेले 'पब्लिक ओपिनियन अँड द इंडिव्हिज्युअल' हे पुस्तक इ.स. १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.

शेतकऱ्यांच्या मुलाखती

न्यूयॉर्क विद्यापीठात काही वर्षे अध्यापन केल्यावर लिकर्ट इ.स. १९३५ मध्ये हार्टफर्ड येथील आयुर्विमा कंपन्यांच्या एका संघटनेत संशोधन संचालक झाले. तेथे त्यांनी यशस्वी आणि अयशस्वी विमा शाखांची तुलना केली. शाखाप्रमुखाच्या वागण्याचा विक्रेत्यांच्या कामावर काय परिणाम होतो, हा या अभ्यासाचा विषय होता.

इ.स. १९३९ मध्ये ते वॉशिंग्टनला अमेरिकी कृषी खात्यात आले. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्या काळात शेतमालाचे भाव, उत्पादनावरील मर्यादा व मृद्संधारण यांसंबंधी अनेक नव्या योजना सुरू झाल्या होत्या, आणि शेतकऱ्यांना त्या कशा वाटतात हे खात्याला जाणून घ्यायचे होते. त्यासाठीच्या कार्यक्रम-पाहणी विभागाचे लिकर्ट प्रमुख झाले. तोपर्यंत विभागाची माणसे गावोगाव फिरून अनौपचारिक गप्पा मारत आणि त्यावरून अहवाल लिहीत. अहवाल वाचनीय असत, पण एकाच्या अहवालाची दुसऱ्याशी तुलना करता येत नसे.

लिकर्ट यांनी येथे आपल्या पाच चौकटी आणल्या नाहीत. एकाच चौकटीवर खूण करणाऱ्या दोन माणसांची कारणे परस्परविरुद्ध असू शकतात, आणि छापील पर्यायांतून ती कळत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष झाला होता. म्हणून त्यांनी प्रश्नांचे शब्द व क्रम सर्वांसाठी सारखे ठेवले, पण उत्तर मोकळे सोडले. मुलाखतकाराने उत्तर शक्य तितके शब्दशः टिपून घ्यायचे, आणि अधिक खुलासा हवा असल्यास दिशा न सुचवणारे पूरक प्रश्न विचारायचे. आरंभी व्यापक प्रश्न घेऊन क्रमाक्रमाने नेमक्या मुद्द्याकडे येण्याची रीतही या विभागाने रुळवली. वर रुंद व खाली अरुंद अशा या रचनेला नरसाळ्याची उपमा दिली जाते. कार्यालयात परतलेली उत्तरे प्रशिक्षित कर्मचारी वाचून वर्गवारीत बसवत. या संकेतनामुळे मोकळी उत्तरेही मोजता येऊ लागली. पद्धत अर्थातच खर्चिक आणि वेळखाऊ होती.

उत्तरदाते निवडण्याच्या रीतीतही बदल झाला. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने इ.स. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या होत्या. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून लँडन विजयी होतील असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड फरकाने निवडून आले. आकडा मोठा असला म्हणजे नमुना प्रातिनिधिक होतो असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. त्या निवडणुकीत यशस्वी ठरलेले जॉर्ज गॅलप आदी मतचाचणीकार कोटा पद्धत वापरत. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, अमुक वयाचे व अमुक आर्थिक स्तराचे इतके, अशी संख्या ठरवून दिली जाई आणि प्रत्यक्ष माणसे मुलाखतकार निवडत असे. साहजिकच सहज भेटणारी, बोलकी, रस्त्यालगत राहणारी माणसे अधिक येत. लिकर्ट यांच्या विभागाने आयोवातील सांख्यिकी प्रयोगशाळेच्या साहाय्याने क्षेत्रनमुना पद्धतीचा अवलंब केला. तीत नकाशावर भूभाग पाडून त्यांतील काही यदृच्छया निवडले जातात, त्या भूभागांतील ठरावीक घरे घेतली जातात आणि मुलाखतकाराला त्याच घरी जावे लागते. कोणी भेटले नाही तर पुन्हा जावे लागते.

युद्धकाळातील वाद

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर विभागाचे काम कृषी खात्यापुरते राहिले नाही. अर्थखात्यासाठी युद्धरोख्यांच्या विक्रीची पाहणी करण्यात आली. रोखे का घेतले, या प्रश्नाला लोक देशभक्तीची कारणे देत. परंतु रोखे घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केल्यावर, कोणीतरी प्रत्यक्ष भेटून रोखे घेण्याची विनंती केली होती की नाही, हा फरक निर्णायक ठरत असल्याचे दिसले. त्यानंतर कामाच्या ठिकाणी व घरोघरी जाऊन विक्री करण्यावर भर देण्यात आला. लोक आपल्या कृतीचे जे कारण सांगतात ते आणि कृतीमागचे प्रत्यक्ष कारण यांत अंतर असू शकते, याचे हे उदाहरण सर्वेक्षणशास्त्राच्या इतिहासात वारंवार येते.

युद्ध माहिती कार्यालयासाठीचे काम मात्र कटुतेचे ठरले. या कार्यालयात एल्मो विल्सन यांच्या नेतृत्वाखालील दुसरा गट छापील पर्यायांचे बंदिस्त प्रश्न वापरत असे. त्याच्या दृष्टीने लिकर्ट यांच्या मुलाखती लांबलचक, महाग आणि मुलाखतकाराच्या लेखणीवर विसंबणाऱ्या होत्या. लिकर्ट यांच्या गटाला पर्यायांवरील खुणा उथळ वाटत. निवाड्यासाठी कोलंबियाचे पॉल लाझर्सफेल्ड यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी दोन्ही बाजूंचे गुणदोष मांडून मध्यममार्ग सुचवला. मोकळ्या मुलाखती आरंभी घेऊन त्यांच्या आधारे चांगले बंदिस्त प्रश्न रचावेत, आणि निकालात न उलगडणारे काही दिसले तर पुन्हा मोकळ्या मुलाखतींकडे यावे, असा त्याचा आशय होता. हा लेख इ.स. १९४४ मध्ये पब्लिक ओपिनियन क्वार्टर्लीत प्रसिद्ध झाला. वादात व्यावहारिक विजय बंदिस्त प्रश्नांचाच झाला; कार्यालयाने लिकर्ट यांच्या विभागाशी असलेले काम आवरते घेतले. ज्यांच्या नावाने आज जगातील बहुधा सर्वाधिक बंदिस्त प्रश्न विचारले जातात, ते या वादात दुसऱ्या पक्षाचे म्होरके होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

इ.स. १९४४ च्या अखेरीस हवाई बॉम्बहल्ल्यांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेने सामरिक बॉम्बवर्षाव सर्वेक्षण मंडळ नेमले. त्यातील मनोधैर्य विभागाचे संचालकपद लिकर्ट यांच्याकडे आले. इ.स. १९४५ च्या उन्हाळ्यात जर्मनीत तीन हजारांहून अधिक नागरिकांच्या मुलाखती घेण्यात आल्या आणि युद्ध संपल्यावर जपानमध्येही तसेच काम झाले. जर्मनीतील पथकात मानसशास्त्रज्ञांबरोबर कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचाही समावेश होता. प्रश्न विचारणारे विजेत्या सैन्याचे गणवेशधारी आणि उत्तर देणारे पराभूत, भग्न शहरांतील रहिवासी, अशी ही परिस्थिती होती. त्यामुळे मुलाखतीचा आरंभ बॉम्बहल्ल्यांनी केला जात नसे. सध्याचे दिवस कसे चालले आहेत आणि युद्धकाळात नागरिकांना सर्वांत कठीण काय गेले, अशा व्यापक प्रश्नांपासून सुरुवात होई, आणि हल्ल्यांचा उल्लेख उत्तरदात्याकडूनच येतो का हे पाहिले जाई. तो बहुतेकांकडून येत असे.

अहवालाचा निष्कर्ष हवाई दलाच्या अनेक समर्थकांना सोयीचा नव्हता. हल्ल्यांमुळे लोकांचे मनोधैर्य खचले होते, परंतु खचलेली माणसेही कामावर जात राहिली. आणि हल्ल्यांची तीव्रता आणखी वाढवल्याने मनोधैर्य त्या प्रमाणात आणखी घसरले नाही. अभिवृत्ती आणि वर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे युद्धरोख्यांच्या पाहणीनंतर पुन्हा एकदा समोर आले.

मिशिगन

युद्धानंतर कृषी खात्याच्या सामाजिक पाहण्यांविरुद्ध अमेरिकी काँग्रेसमध्ये, विशेषतः दक्षिणेकडील सदस्यांत, रोष होता आणि असे काम पुढे चालवणे अशक्य झाले. इ.स. १९४६ मध्ये लिकर्ट आपल्या सहकाऱ्यांसह मिशिगन विद्यापीठात आले व तेथे सर्वेक्षण संशोधन केंद्र स्थापन झाले. अँगस कॅम्पबेल, जॉर्ज कटोना, लेस्ली किश आणि चार्ल्स कॅनेल हे त्यांतील काही होत. विद्यापीठाने जागा व नाव दिले, पैसा दिला नाही. संशोधकांचे पगार बाहेरून मिळवलेल्या प्रकल्पांतून निघायचे होते. बदल्यात प्रकल्पांच्या अनुषंगिक खर्चासाठी येणारी रक्कम स्वतःकडे ठेवण्याची मुभा केंद्राला मिळाली. हीच मुभा पुढे त्याच्या स्वायत्ततेचा आधार ठरली. कर्ट लेविन यांच्या निधनानंतर त्यांचे समूहगतिकी संशोधन केंद्र मॅसॅच्युसेट्सहून मिशिगनला आले. दोन्ही केंद्रे मिळून सामाजिक संशोधन संस्था झाली. लिकर्ट इ.स. १९७० मध्ये निवृत्त होईपर्यंत तिचे संचालक होते.

इ.स. १९४८ च्या निवडणुकीत प्रमुख मतचाचण्यांनी ड्यूई यांचा विजय वर्तवला आणि ट्रुमन निवडून आले. केंद्राने त्याच ऑक्टोबरमध्ये एका छोट्या पाहणीत मतदानाविषयीचे प्रश्न विचारले होते. संभाव्यतेच्या पद्धतीने निवडलेल्या त्याच लोकांकडे निवडणुकीनंतर पुन्हा जाण्यात आले. ६६२ जणांचा हा अभ्यास अमेरिकी राष्ट्रीय निवडणूक अभ्यासांच्या दीर्घ मालिकेतील पहिला मानला जातो. लिकर्ट यांनी डिसेंबर १९४८ च्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मतचाचण्यांच्या अपयशाची चिकित्सा करून कोटा पद्धतीवर टीका केली. कटोना यांनी ग्राहकांच्या अपेक्षा मोजणारा निर्देशांक विकसित केला. किश यांचे नमुना निवडीवरील पुस्तक या विषयातील प्रमाणग्रंथ ठरले. लिकर्ट इ.स. १९५९ मध्ये अमेरिकी सांख्यिकी संघटनेचे अध्यक्ष होते.

व्यवस्थापनविषयक विचार

कारखाने व कार्यालये यांतील पाहण्यांवरून लिकर्ट यांनी 'न्यू पॅटर्न्स ऑफ मॅनेजमेंट' (१९६१) आणि 'द ह्यूमन ऑर्गनायझेशन' (१९६७) ही पुस्तके लिहिली. शोषक हुकूमशाहीपासून सहभागी गटपद्धतीपर्यंत व्यवस्थापनाचे चार प्रकार त्यांनी कल्पिले. चौथा प्रकार दीर्घकाळात सर्वाधिक उत्पादक ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्येक प्रमुख आपल्या गटाला वरच्या गटाशी जोडणारा दुवा असतो, ही त्यांची कल्पनाही प्रसिद्ध आहे. भारतातील व्यवस्थापन अभ्यासक्रमांत लिकर्ट यांचे नाव बहुधा या चार प्रकारांमुळेच येते.

पुरावा मात्र सर्वत्र अनुकूल नव्हता. नॅन्सी मोर्स व एव्हरेट रायमर यांनी इ.स. १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका मोठ्या कंपनीच्या काही लिपिक विभागांत निर्णयाचे अधिकार खाली देण्यात आले व काहींत ते वर घेण्यात आले. कर्मचाऱ्यांचे समाधान पहिल्या गटात वाढले व दुसऱ्यात घटले, परंतु उत्पादकता दोन्हीकडे वाढली आणि दुसऱ्या गटात किंचित अधिक. दडपणाने मिळवलेली वाढ माणसांचा विश्वास व निष्ठा खर्च करून मिळते आणि तिची किंमत पुढे द्यावी लागते, असे लिकर्ट यांचे उत्तर होते. प्रयोग त्याच्या पडताळणीइतका दीर्घ चालला नाही, हा टीकाकारांचा आक्षेप कायम राहिला.

संस्थेतील फ्लॉईड मान यांनी डेट्रॉईट एडिसन या वीज कंपनीत केलेले काम तुलनेने कमी चर्चिले गेले आहे. तेथे पाहणीचे निष्कर्ष वरिष्ठांना देऊन न थांबता ज्यांनी उत्तरे दिली त्या प्रत्येक गटापुढे ठेवले गेले आणि त्यांचा अर्थ गटाने स्वतः लावला. जेथे अशी चर्चा झाली तेथे बदल दिसले.

निवृत्तीनंतर लिकर्ट यांनी सल्लागार संस्था काढली आणि जेन लिकर्ट यांच्यासह 'न्यू वेज ऑफ मॅनेजिंग कॉन्फ्लिक्ट' (१९७६) हे पुस्तक लिहिले. ३ सप्टेंबर, इ.स. १९८१ रोजी ॲन आर्बर येथे त्यांचे निधन झाले.

वापरकर्ता-अनुभव संशोधनातील उपयोग

लिकर्ट यांच्या निधनाच्या सुमारास वैयक्तिक संगणकाचा प्रसार सुरू झाला आणि एखादी प्रणाली वापरण्यास किती सोपी आहे हे मोजण्याची गरज निर्माण झाली. इ.स. १९८६ मध्ये ब्रिटनमधील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणारे जॉन ब्रूक यांनी प्रणाली वापरयोग्यता श्रेणी तयार केली. तिच्या रचनेत इ.स. १९३२ च्या पुस्तिकेतील बहुतेक सूचना पाळलेल्या दिसतात. मोठ्या संचातून छाननी करून दहा विधाने निवडलेली आहेत, पर्याय पाच आहेत आणि अनुकूल व प्रतिकूल विधाने आळीपाळीने येतात. अनुकूल विधानाच्या गुणातून १ वजा करायचा, प्रतिकूल विधानाचा गुण ५ मधून वजा करायचा, आणि दहांच्या बेरजेला २.५ ने गुणायचे. अशा रीतीने ० ते १०० असा अंक मिळतो. हा अंक शेकडा प्रमाण नाही. अनेक अभ्यासांची सरासरी सुमारे ६८ येते, त्यामुळे ७० हा अंक शाळेच्या गुणपत्रिकेतील ७० टक्क्यांसारखा न वाचता सरासरीच्या जवळचा म्हणून वाचावा लागतो. एकेका विधानाचे गुण सुटे वाचण्याविरुद्ध ब्रूक यांनीही सावध केले आहे.

उलट विधानांचा लिकर्ट यांचा सल्ला मात्र या क्षेत्रात वादग्रस्त ठरला. जेफ सॉरो व जेम्स लुईस यांनी इ.स. २०११ मध्ये सर्व विधाने अनुकूल ठेवलेली आवृत्ती मूळ आवृत्तीशी ताडून पाहिली. दोहोंच्या अंकांत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट विधानांमुळे काही उत्तरदाते चुकीच्या बाजूला खूण करतात आणि काही संशोधक गुण उलटे करण्याचे विसरतात, अशा चुका मात्र दिसल्या.

दुसरा जुना वाद अंकांच्या स्वरूपाचा आहे. एस. एस. स्टीव्हन्स यांनी इ.स. १९४६ मध्ये मापनाच्या पातळ्या मांडल्यापासून पाच पर्यायांतील अंतरे समान मानावीत का, आणि त्यांची सरासरी काढावी का, यावर मतभेद आहेत. एका सुट्या प्रश्नाबाबत हा आक्षेप बळकट आहे. अनेक छाननी केलेल्या विधानांच्या बेरजेबाबत तो बराच सौम्य होतो. मधल्या पर्यायाचा प्रश्नही तसाच राहिला आहे. अनिश्चित, तटस्थ आणि सांगता येत नाही हे तीन शब्द मराठी प्रश्नावल्यांत त्या एकाच जागी आलटून पालटून छापले जातात, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

संकेतस्थळावर अचानक उघडणाऱ्या छोट्या प्रश्नावल्यांना उत्तर देणारे लोक स्वतःहून पुढे आलेले असतात. त्यांची संख्या लाखांत गेली तरी त्यांच्या नमुन्याची अडचण लिटररी डायजेस्टच्या मतपत्रिकांसारखीच असते. अशा प्रश्नावल्यांत बहुधा एकच विधान, पाच तारे किंवा पाच चेहरे आणि खाली टिप्पणीसाठी एक रिकामी चौकट असते. लिकर्ट यांच्या विभागात त्या रिकाम्या चौकटीत येणारा मजकूर वाचून वर्गवारी लावण्यासाठी स्वतंत्र कर्मचारीवर्ग होता.